अमेरिकेचं लायसन्स राज्याराज्याचं

नमस्कार श्रोतेहो. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना अमेरिकेत लायसन्स कसं मिळतं, हा आजचा विषय. 'अमेरिकेचं लायसन्स' अशी वस्तूच नाही. ते देतं राज्याचं मेडिकल बोर्ड, आणि न्यू यॉर्कच्या लायसन्सवर टेक्ससमध्ये रुग्ण तपासता येत नाही.

परदेशी पदवीधराला आधी ईसीएफएमजीचं, म्हणजे परदेशी पदव्या तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेचं, प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी यूएसएमएलई या लायसन्स परीक्षेची स्टेप १ आणि स्टेप २ सीके (वैद्यकीय ज्ञानाचा पेपर), इंग्रजी संवादाची ओईटी परीक्षा, आणि कॉलेजनं स्वतः खरी ठरवून दिलेली पदवी. गाडी अडते ती बहुधा नावावर. महाराष्ट्रातल्या अनेक मार्कशीटवर आडनाव आधी असतं, वडिलांचं नाव शेवटी. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी एक फरक. पासपोर्ट आणि ईसीएफएमजीची नोंद अक्षरशः जुळवून घ्या, नाव बदलल्याचा कागद जवळ ठेवा, आणि हे पहिल्या अर्जाआधीच करा.

आता घड्याळ. बऱ्याच राज्यांत, लायसन्ससाठी लागणारी स्टेप ३ धरून, तिन्ही स्टेप सात वर्षांत पूर्ण व्हाव्या लागतात. एका स्टेपला जास्तीत जास्त ४ प्रयत्न मिळतात, अर्धवट सोडलेला पेपरही त्यात धरतात, आणि काही राज्यं ३ वरच थांबतात. म्हणून एमबीबीएसला असतानाच घाईनं स्टेप १ देऊन मग वर्षानुवर्षं थांबणं महागात पडतं. पास झालेली स्टेप गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही.

ईसीएफएमजीच्या प्रमाणपत्रानंतर रेसिडेन्सी, म्हणजे अमेरिकेतल्या हॉस्पिटलमधलं पदवीनंतरचं प्रशिक्षण. अमेरिकी पदवीधराला अनेक राज्यांत एक वर्ष पुरतं, परदेशी पदवीधराला दोन किंवा तीन. न्यू यॉर्कमध्ये तीन.

रेसिडेन्सीशिवाय लायसन्स देणारा कायदा टेनेसीनं २०२३ मध्ये केला. मग फ्लोरिडा, व्हर्जिनिया वगैरे राज्यं आली. हा रस्ता परदेशात प्रशिक्षण आणि प्रॅक्टिस झालेल्या डॉक्टरांसाठी आहे, नुकत्याच पदवी घेतलेल्यांसाठी नाही. फ्लोरिडात अर्जाआधीच्या चार वर्षांत प्रत्यक्ष प्रॅक्टिस चालू असावी लागते आणि नोकरीची ऑफर हातात असावी लागते. टेनेसीत मिळतं ते तात्पुरतं लायसन्स, ठरावीक संस्थेत, देखरेखीखाली काम करण्यापुरतं.

पण लायसन्स मिळालं म्हणजे काम मिळालं, असं समजू नका. स्पेशालिस्ट म्हणून प्रमाणपत्र देणारी बोर्डं (ही राज्याच्या मेडिकल बोर्डाहून वेगळी) सहसा अमेरिकी रेसिडेन्सी मागतात. बोर्ड सर्टिफिकेट नसेल तर काही हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या दारात उभं करत नाहीत. अनेक राज्यांत एकाच अर्जातून लायसन्स मिळवून देणारा आंतरराज्य करारही रेसिडेन्सी न केलेल्या डॉक्टरांना सहसा लागू होत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर रुग्ण तपासायचे असतील, तर साधारणपणे स्टेप ३ पास असावी लागते. म्हणून ज्यांना रेसिडेन्सी मिळू शकते, त्यांनी तिलाच प्राधान्य द्यावं, असं आमचं ठाम मत आहे.

नव्या रस्त्यानं जाणाऱ्यांनी ऑफर स्वीकारण्याआधी नोकरी देणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: मालप्रॅक्टिस विमा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा) कोण काढणार, कोणत्या विमा कंपन्या तुमची बिलं स्वीकारतील, आणि तात्पुरतं लायसन्स कायम झालं नाही तर नोकरीचं व व्हिसाचं काय होणार.