फॅक्टरी प्रीसेटवर कीर्तन लावू नका

मंडळी, पाटीवर विषय लिहिलाय 'स्वतःचा प्रीसेट कसा बनवायचा', त्याकडे मी येणारच आहे, पण आधी एक राग बाहेर काढू द्या, फार दिवस साठलाय. इथले बहुतेक जण कम्युनिटी रेडिओवाले, त्यामुळे प्रोसेसर, म्हणजे ट्रान्समीटरकडे जाण्याआधी आवाज सारखा आणि मोठा करणारा डबा, आणि प्रीसेट, म्हणजे त्यातला तयार सेटिंगचा संच, यावर जास्त सांगत बसत नाही.

एका स्टेशनवर, नाव घेत नाही, नवा प्रोसेसर आला. बसवायला आलेल्या माणसाने मेनूतला सगळ्यात मोठा वाजणारा प्रीसेट लावला, सेक्रेटरींना खाली गाडीत नेऊन आपण शेजारच्या चॅनलपेक्षा कसे जोरात वाजतो ते ऐकवलं, सेटिंगला पासवर्ड टाकला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कीर्तन लागलं. बुवांनी चरण म्हटला आणि थांबले, कीर्तनात ती जागा असते ना, समोरचे लोक पुढचा शब्द मनात म्हणतात ती, आणि त्या जागेत देवळातला पंखा घरघरत वर आला! पेटीचा सूर फुगला, मागे कोणीतरी खोकलं ते बुवांइतकंच मोठं, मग बुवा 'विठ्ठल' म्हणाले की सगळं धपकन खाली. पखवाजाची थाप तर गेलीच, नुसतं धब्ब धब्ब. हसताय म्हणजे तुमच्याकडेही झालंय. त्या माणसाला फोन केला तर म्हणतो, लेव्हल तर बरोबर दिसतेय सर. अहो मीटरवर बरोबरच दिसणार, प्रोसेसर त्याचसाठी असतो! पासवर्ड मिळेपर्यंत रोज सकाळी पंख्याचंच कीर्तन.

यात मशीनचा दोष नाही हं. बॉब ऑरबन यांचा ऑप्टिमॉड हा प्रोसेसर 1975 साली आला, आवाजातला चढउतार कमी करणारा कॉम्प्रेसर, कमाल पातळी ओलांडू न देणारा लिमिटर आणि स्टिरिओ सिग्नल बनवणारा जनरेटर एका डब्यात, तेव्हापासून एफएमचा आवाज कसा असावा हे बऱ्याच अंशी या डब्यांनीच ठरवलं. पण आतल्या प्रीसेटची नावं वाचा, 'रॉक-डेन्स', 'लाऊड-हॉट', 'न्यूज-टॉक', 'जॅझ'. कीर्तन कुठाय? ढोलकी-तुणतुणं कुठाय? ज्याने ते बनवले त्याच्या कानात त्याचं संगीत होतं, आपल्या कानातलं आपणच घालायला हवं. आणि जोरात वाजल्याने कडेच्या गावात खरखर थोडी झाकली जाते हे मान्य, पण त्याने ट्रान्समीटरचे वॉट वाढत नाहीत, आणि दिवसभर चेपलेला आवाज ऐकून माणूस कंटाळतो, का ते त्याला सांगता येत नाही, तो फक्त रेडिओ बंद करतो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

प्रोसेसरमधला एजीसी म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणावर हात ठेवून बसलेला माणूस, आवाज पडला की वाढवतो, चढला की उतरवतो. पंखा त्याने वर आणला. म्हणून आधी गेटचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीखाली आवाज गेला की तो हात अडवला जातो ती पातळी, वर घ्या, म्हणजे बुवा थांबले की तो हात जागच्या जागी थांबेल. रिलीज, म्हणजे आवाज पडल्यावर तो हात वर जाण्याचा वेग, हळू करा. सुरुवात 'जॅझ' किंवा 'न्यूज-टॉक'सारख्या सौम्य प्रीसेटवरून करा, ऑप्टिमॉडवर सगळं प्रोसेसिंग एकदम कमी-जास्त करणारा 'लेस-मोअर' आहे तो आधी 'लेस'कडे न्या, बाकीचं मग. थाप मेली असेल तर क्लिपिंग, म्हणजे आवाजाची टोकं कापणं, कमी करा, दोन डीबी आवाज गेला तर जाऊ द्या.

'स' आणि 'श' फाटत असतील, 'संत सखू' म्हणून बघा, तर प्री-एम्फसिस, म्हणजे प्रसारणाआधी वरच्या फ्रिक्वेन्सींना दिलेली उचल, लक्षात घ्या. आपल्याकडे 50 मायक्रोसेकंद, म्हणजे 15 किलोहर्ट्झला साडेतेरा डीबीच्या आसपास उचल, अमेरिकेत 75, तिथे सतरा. मशीनमध्ये 75 राहिलंय का ते पहिलं बघा, आणि वर ट्रेबल चढवलेला असेल तर तो काढा.

पैशाचं कारण देऊ नका, स्टिरिओ टूलसारखं सॉफ्टवेअर साध्या कॉम्प्युटरवर चालतं. एका वेळी एकच सेटिंग हलवा, स्टुडिओच्या स्पीकरवर नाही, रिक्षातल्या रेडिओवर आणि मोबाइलच्या इअरफोनवर ऐका, तेही कीर्तन, बातम्या आणि लावणी तिन्ही लावून. जमलं की वेगळ्या नावाने सेव्ह करा, नावात तारीख टाका, आणि पासवर्ड स्टेशनच्या वहीत लिहून ठेवा, बाहेरून आलेल्या माणसाच्या खिशात नको.