मॅडम, हेड कुठला टाकू?

नमस्कार मंडळी. रेडिओवाल्यांनी मला विषय दिलाय तो असा, की डॉक्टर, सिस्टर, आशाताई अशा आरोग्यातल्या माणसांना सरकारी धोरण बदलायचं असेल तर वाटाघाटी कशा कराव्यात. घरी सांगितलं तर आमचे हे हसतच सुटले, म्हणाले तुला मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचे पाच रुपये कमी करून घेता येत नाहीत, तू काय शिकवणार. खरंय ते. पण 28 वर्षं सरकारी दवाखान्यांतनं काढली आणि त्यातली बरीचशी वर्षं कोणाच्या तरी केबिनबाहेरच्या बाकड्यावर गेली, तेवढ्या बाकड्याच्या अनुभवावर बोलते.

आता मंडई निघालीच आहे तर तिथनंच सुरू करू. मंडईत समोर बसलेली मावशीच मालक असते, तिला परवडलं तर ती जागच्या जागी हो म्हणते, आणि नाही म्हणाली तरी आपण दोन पावलं पुढं गेलो की हाक मारते, अहो ताई या इकडं. सरकारी ऑफिसात तुमच्यासमोर बसलेल्या माणसाला बहुतेक वेळा हो म्हणायचा अधिकारच नसतो. त्याला तुमचा कागद घेऊन वर जायचं असतं, तिथं साहेबांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची असतात, आणि चार वर्षांनी ऑडिट लागलं की ही सही कोणाची म्हणून त्यालाच धरणार असतात. आणि तुम्ही रागानं उठून निघालात तर मागून कोणी हाक मारत नाही, सुटलो बुवा म्हणतात.

मला हे कळायला तीन वर्षं आणि एक इन्व्हर्टर लागला.

झालं असं, की मी एका छोट्या सरकारी प्रसूतिगृहात होते, कुठल्या ते सांगत नाही. तिथं गुरुवारी हमखास लाइट जायची, पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार तो, पुणेकरांना वेगळं सांगायला नको. आता लाइट गेली म्हणून बाळंतपण काही थांबत नाही, बाई टेबलावर असते, सिस्टर एका हातानं मोबाइलचा टॉर्च धरतायत, आणि बाळाला ऊब द्यायचा जो वॉर्मर असतो तो बंद. मग मावशी बाळाला पुसून कोरडं करून आईच्या छातीशी लावायच्या आणि वरनं गोधडी. ते चांगलंच असतं म्हणा, पण कमी वजनाच्या, मलूल बाळाला तेवढ्यानं भागत नाही, आणि लाइट नसेल तर बाळाच्या नाकातोंडातलं पाणी ओढून घेणारं सक्शनही नाही. तर लेबर रूमला एक मोठा इन्व्हर्टर द्या एवढीच मागणी होती.

मी पाच पानी पत्र लिहिलं. नवजात बाळाचं तापमान, हायपोथर्मिया म्हणजे अंग गार पडणं, वर कळकळीची विनंती, खाली तीन डॉक्टरांच्या सह्या. उत्तर नाही. दुसऱ्या वर्षी आणखी कडक पत्र, त्यात एखादं बाळ दगावलं तर जबाबदार कोण असलं वाक्यही टाकलं, आणि त्या एका वाक्यानं ते पत्र असं काही गाडलं गेलं की विचारू नका. कारण जबाबदारीचा कागद आपल्या टेबलावर सापडू नये असं प्रत्येकालाच वाटतं, आपल्यालाही वाटलं असतं. तिसऱ्या वर्षी मी स्वतः गेले. एक वयस्कर भाऊसाहेब होते, चष्मा कपाळावर, त्यांनी पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शांतपणे वाचलं आणि एकच विचारलं, “मॅडम, हेड कुठला टाकू?”

मला कळेचना. मला वाटलं हेड ऑफ डिपार्टमेंट विचारतायत. मग त्यांनी चहा मागवला आणि समजावलं, की हेड म्हणजे लेखाशीर्ष, बजेटमध्ये पैसा ज्या ओळीखाली ठेवलेला असतो ती ओळ, आणि इन्व्हर्टर ही आरोग्याच्या ओळीत बसणारी वस्तूच नाही, ती विद्युत विभागाची. म्हणजे तीन वर्षं मी ज्या माणसाशी भांडत होते त्याच्या खिशात तो पैसा नव्हताच. तो बिचारा नाही म्हणत नव्हता, त्याला हो म्हणताच येत नव्हतं.

तेव्हापासून मी पहिल्या भेटीला कधी काही मागायला जात नाही, विचारायला जाते. पेशंट आला की आपण काय करतो, आधी हिस्टरी घेतो ना, दुखतंय कुठं, कधीपासून, आधी कोणतं औषध घेतलं, कशाची ॲलर्जी आहे. आणि साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो की मात्र थेट प्रिस्क्रिप्शन काढतो, हे करा आणि ते करा. आम्हा डॉक्टरांना ती खोडच असते, आयुष्यभर आपण बोलायचं आणि समोरच्यानं मान डोलवायची. सिस्टर लोक या बाबतीत आमच्यापेक्षा खूप हुशार, त्यांना ऐकून घ्यायची सवय असते, पण त्यांना मीटिंगला कोणी नेत नाही, आणि हा आमचाच दोष.

तर विचारायचं काय? हे काम कोणत्या हेडखाली बसेल, यापूर्वी कोणी मागितलं होतं का आणि कुठं अडकलं, आणि तुमच्या वरचे साहेब यावर काय विचारतील. हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. कारण मग तुम्ही त्या साहेबांच्या प्रश्नांची उत्तरंच लिहून देता, एका पानात, अशा भाषेत की भाऊसाहेबांना ती जशीच्या तशी टिपणीत उतरवता यावी. माझं पाच पानी पत्र कोणाला उतरवता येणार होतं? त्यात हायपोथर्मिया होता पण किंमत नव्हती, बसवणार कोण ते नव्हतं, बिल कोण भरणार ते नव्हतं.

हे झालं छोट्या गोष्टीचं. मोठ्या धोरणात काय होतं याचं आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची सर्च ही संस्था 1986 पासून तिथं आहे. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायची, अगदी जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा त्यांनीच द्यायचं, असा प्रयोग त्यांनी केला आणि 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, की शेजारच्या गावांच्या तुलनेत तिथले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. आता तुम्ही म्हणाल एवढा पुरावा असल्यावर सरकार दुसऱ्या दिवशी लागू करणार. छे. देशभरात आशांमार्फत घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा कार्यक्रम सुरू झाला तो 2011 मध्ये. बारा वर्षं! आणि तोही सगळा नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताईनं सहा भेटी द्यायच्या, घरी जन्मलेल्याला सात, वजन करायचं, ताप बघायचा, हे सगळं आलं, पण इंजेक्शन द्यायचं काम तेव्हा आशांकडे आलं नाही.

मला यातलं 62 टक्क्यांपेक्षा ते इंजेक्शनच जास्त शिकवून जातं. इंजेक्शनसकट घ्या नाहीतर काहीच नको असं कोणी अडून बसलं असतं तर त्या लाखो भेटीही गेल्या असत्या. आणि सुरुवातीलाच कोणी म्हटलं असतं की सरकारला झेपेल तेवढंच मागू, तर भेटीसुद्धा निम्म्याच मिळाल्या असत्या. म्हणून मीटिंगला जायच्या आधी घरी बसून ठरवायचं, की यातलं काय गेलं तर चालेल आणि काय गेलं तर उठून यायचं. आणि उठून आल्यावर आपल्याकडे काय उरतं तेही, म्हणजे पेपरवाले आहेत, कोर्ट आहे, आमदारांमार्फत विधानसभेत लक्षवेधी सूचना आहे, की काहीच नाही. काहीच नसेल तर टेबलावर हात आपटू नये, समोरच्याला ते बरोबर कळतं.

संपाचं विचाराल तर तो मी वाईट म्हणत नाही. पण संपात काय मागता ते जपून मागा. डॉक्टरांवर हल्ले व्हायला लागले तेव्हा कायदा मागितला, 2010 मध्ये महाराष्ट्रात तो झालाही, तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई, सगळं कागदावर आलं. हल्ले थांबले का? 2017 मध्ये धुळ्याच्या मारहाणीनंतर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले तेव्हा कुठं सरकारी हॉस्पिटलांसाठी 1100 सुरक्षारक्षकांचं आश्वासन मिळालं. कायदा करायला सरकारचं काही जात नाही हो, रक्षकाला महिन्याच्या महिन्याला पगार द्यावा लागतो, म्हणून कायदा पटकन मिळतो आणि माणूस मिळत नाही. आपल्याला जे सहज मिळालं ते का सहज मिळालं, हा विचार करायला हवा होता, आम्ही पेढे वाटत बसलो.

आणि तोंडी शब्दाचं तर काय सांगू. आशाताईंचंच बघा. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या राज्यभर संपावर गेल्या, 7000 रुपये वाढ देऊ असं आश्वासन मिळालं, संप मिटला. जीआर, म्हणजे लेखी शासन निर्णय, काही निघेना. जानेवारी 2024 मध्ये परत संप, आझाद मैदानात रात्री काढल्या, आणि मार्चमध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केले ते 5000. मधल्या महिन्यांत ते 2000 कुठं गेले हे मला विचारू नका. पण मीटिंग संपल्यावर इतिवृत्त कोण लिहिणार, ते कधी मिळणार, जीआर कोणत्या तारखेपर्यंत, हे विचारल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, यात कसलाही उद्धटपणा नाही. मी तर घरी पोचायच्या आत साहेबांना व्हॉट्सॲप करायचे, आज आपलं असं असं ठरलं, चूक असेल तर सांगा, धन्यवाद. ते उत्तर द्यायचे नाहीत, पण वाचल्याच्या निळ्या खुणा यायच्या, तेवढं पुरतं.

आता वेळेचं. आपल्या पुणे महापालिकेचंच घ्या, आयुक्त अंदाजपत्रक मांडतात ते स्थायी समितीपुढं, मग ते मुख्य सभेत जातं, आणि नव्या आर्थिक वर्षाला एक एप्रिलला सुरुवात. आपण जागे होतो फेब्रुवारीत, पेपरात बजेटची बातमी वाचून. तोवर खात्याखात्यांच्या मागण्या केव्हाच गोळा झालेल्या असतात. दिवाळीच्या आधी तुमचं एक पान खात्यात पोचलेलं असलं पाहिजे. शिवाय दरवाजा कोणता उघडा आहे तेही बघावं लागतं. एकेकाळी नगरसेवकांच्या ‘स’ यादीतनं, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या कामांच्या बजेटमधल्या यादीतनं, प्रभागातली कामं व्हायची, मग मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि अण्णांना किंवा ताईंना भेटून काम करून घेणाऱ्यांचे सगळे जुने रस्ते एका दिवसात बंद झाले.

कधीकधी मात्र दरवाजा अचानक उघडतो. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात त्या गिया-बारे आजाराचे, पेशंट एकामागून एक यायला लागले, काही तपासण्यांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाब करणारा जंतू सापडला, आणि बोट गेलं पाण्याकडे. ही गावं 2021 मध्ये महापालिकेत आलेली, तिथल्या पाण्याचं रडगाणं काही त्या जानेवारीत सुरू झालेलं नव्हतं. पण त्या काही आठवड्यांत पाणी, क्लोरिन, टँकर, आरओ प्लांट यावर मोठे मोठे लोक ऐकायला तयार होते, जे एरवी भेटत नाहीत. ज्या डॉक्टरकडे तेव्हा आपल्या भागातल्या जुलाबाच्या पेशंटची नोंद महिन्यावार तयार असेल त्याचं बोलणं वेगळं, आणि जो तेव्हा वही उघडून लिहायला बसला त्याचं वेगळं. दोन महिन्यांनी तेच लोक दुसऱ्या विषयात असतात.

नोंदीवरनं आठवलं, आकडा सांगताना फार मोठा सांगू नये. राज्यात इतकी बाळं, देशात इतकी, हे ऐकून साहेब लोक मान हलवतात आणि चहा पितात. मी शेवटी जे एक पान दिलं त्यात लिहिलं होतं, गेल्या वर्षी आमच्याकडे गुरुवारी दिवसा 31 बाळंतपणं झाली, त्यातली 9 लाइट नसताना. खाली रजिस्टरचे पान नंबर. बास. विद्युत विभागाच्या इंजिनिअरनं ते वाचलं आणि म्हणाला, माझी मुलगी गुरुवारचीच आहे हो मॅडम. त्यानं ते पान स्वतःच्या हातानं वर नेलं.

इन्व्हर्टर आला 29 मार्चला, आर्थिक वर्ष संपायला दोन दिवस असताना, टेम्पोतनं, वर हार घातलेला. आम्ही सगळ्या जमलो, मावशींनी नारळ फोडला, सिस्टरांनी फोटो काढले. मग वायरमन आला, त्यानं मागं पुढं बघितलं आणि विचारलं, बॅटऱ्या कुठायत? बॅटऱ्या नव्हत्या. बॅटऱ्या दुसऱ्या हेडखाली येतात.

मी हसले की रडले ते आता आठवत नाही. पण एक एप्रिलला सकाळी साडेदहाला मी भाऊसाहेबांच्या टेबलासमोर होते, हातात एकच पान, आणि हेड सगळ्यात वर, पहिल्या ओळीत लिहिलेला. त्यांनी चष्मा कपाळावरनं डोळ्यावर घेतला, वाचलं, आणि म्हणाले, “बसा मॅडम, चहा सांगतो.”