दहा डोसांची कुपी

(दृश्य: पहाट, फाटकातून बाहेर पडणारे ट्रक)

12 जानेवारी 2021. पहाटे पाचच्या आत पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून तापमान-नियंत्रित तीन ट्रक बाहेर पडले. पूजा झाली, नारळ फुटला आणि तिथे बनलेल्या कोविशील्ड या करोना लशीचे पहिले खोके विमानतळाच्या रस्त्याला लागले. चार दिवसांनी, 16 जानेवारीला, देशभर लसीकरण सुरू झालं.

(दृश्य: हातमोज्यातली कुपी, अगदी जवळून)

त्या खोक्यांत होती ती ही. 5 मिलिलिटरची कुपी, दहा जणांसाठी. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिलिलिटर, आणि त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये 5,000 कोटी विषाणू-कण.

आकडा ऐकून दचकायला होतं. मग हे कण आहेत तरी कसले, ते नीट बघू.

(दृश्य: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं, त्यातून ॲनिमेशन)

हा ॲडेनोव्हायरस. रुंदी साधारण 90 नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये असे अकरा हजार कण ओळीनं बसतील. वीस त्रिकोणी बाजू, बारा टोकं आणि प्रत्येक टोकातून बाहेर आलेला एक तंतू. याची भावकी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. सर्दी-पडसं आणते ती, आणि डोळे येण्याच्या साथीमागेही बऱ्याचदा तीच असते.

ही ओळखच लशीच्या मुळावर येते. लहानपणापासून भेटलेल्या विषाणूविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं आधीच असतात. असा विषाणू लशीचं जनुक पेशीपर्यंत नेणारा वाहक म्हणून पाठवला, तर तो पेशीच्या दारापर्यंत पोचायच्या आतच पकडला जातो. त्यामुळे इथे घेतला आहे तो चिंपांझीमध्ये सापडणारा ॲडेनोव्हायरस. आपल्यापैकी फार थोड्यांच्या शरीराला त्याची ओळख आहे. रशियाच्या स्पुटनिक लशीनं याच अडचणीवर दुसरा तोडगा काढला. वाहक माणसांतलेच, पण पहिल्या डोसला 26 क्रमांकाचा आणि दुसऱ्याला 5 क्रमांकाचा.

आता ॲनिमेशनमधला हा लांब धागा बघा. विषाणूचा डीएनए. त्यातले दोन तुकडे कापून टाकले आहेत. ई-1 नसेल तर विषाणूला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत. ई-3 हा शरीराच्या पहारेकऱ्यांपासून लपायला मदत करतो, तोही काढला. ई-1 च्या रिकाम्या जागी बसवलं करोना विषाणूच्या काट्याचं, म्हणजे स्पाइक प्रथिनाचं जनुक. करोनाचं बाकी काहीही या कुपीत नाही. या लशीमुळे करोना होऊच शकत नाही, तो यामुळे.

ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटमध्ये सारा गिल्बर्ट यांचा गट हा वाहक कोविडच्या आधीपासून वापरत होता. करोनाच्याच कुळातल्या मर्स या आजारावरची लस त्यांनी 2018 मध्ये माणसांना देऊन पाहिली होती. जानेवारी 2020 मध्ये नव्या विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाला, तेव्हा वाहक तयारच होता. बदलायचा होता फक्त आतला निरोप. ऑक्सफर्डमध्ये पहिल्या स्वयंसेवकाला लस टोचली गेली ती 23 एप्रिल 2020 रोजी. ‘तीन महिन्यांत लस कशी बनली?’ असं अजूनही विचारलं जातं. त्या तीन महिन्यांच्या पाठीशी वाहकावरची काही वर्षांची मेहनत होती.

(दृश्य: ॲनिमेशन पुढे, दंडाचा स्नायू, एक पेशी)

लस दंडात गेली. कणाचा तंतू पेशीच्या पृष्ठभागावर अडकतो. पेशी त्याला एका छोट्या पिशवीत गुंडाळून आत ओढते. पिशवीत आम्लता वाढते, कणाचं कवच सैल होतं आणि तो पिशवी फोडून बाहेर येतो. पेशीच्या आतल्या रुळांवरून केंद्रकापर्यंत जातो, तिथल्या छिद्राशी अडकतो आणि डीएनए आत सोडतो. कवच बाहेरच राहतं.

केंद्रकात त्या जनुकाची आरएनए प्रत निघते. ती बाहेर येते, पेशी तिच्यावरून काटे बनवते आणि आपल्याच पृष्ठभागावर मांडते. पहारेकरी ते बघतात. बी पेशी प्रतिपिंडं बनवायला लागतात. टी पेशी असे काटे दाखवणारी पेशी ओळखून मारायला शिकतात. वाहक मिळालेली पेशीही त्यात जाते, आणि तिच्याबरोबर तो डीएनएही.

इथे एक प्रश्न हमखास येतो: हा डीएनए आपल्या डीएनएत मिसळतो का? एचआयव्हीसारख्या विषाणूंकडे स्वतःचं जनुक आपल्या गुणसूत्रात शिवायची यंत्रणा असते. ॲडेनोव्हायरसकडे तशी यंत्रणा नाही. त्याचा डीएनए केंद्रकात असतो, पण गुणसूत्रांपासून वेगळा, सुटा. ई-1 नसल्यामुळे त्याच्या प्रतीही निघत नाहीत.

(दृश्य: बायोरिॲक्टर, नळ्या, काचेतून ढवळणारं पातं)

मग जो विषाणू वाढूच शकत नाही, तो कारखान्यात 5,000 कोटींच्या हिशोबानं वाढवतात कसा?

हा द्रव दिसतोय, त्यात एचईके 293 पेशी तरंगताहेत. 1973 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला मानवी गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींपासून हा वाण तयार झाला. तो प्रयोगशाळांत आजतागायत वाढवला जातो. या पेशींच्या स्वतःच्या डीएनएत ई-1 बसलेला आहे. विषाणूला जे कमी आहे, ते ही पेशी पुरवते. म्हणून तो इथे वाढतो, आपल्या दंडात नाही.

पेशी पुरेशा दाट झाल्या की त्यात बीज-विषाणू सोडतात. तापमान, आम्लता, विरघळलेला ऑक्सिजन सतत मोजला जातो. विषाणू वाढत असताना पेशींनी काटे बनवत बसू नये, म्हणून या वाणात काट्याचं जनुक दाबून ठेवणारी सोयही केलेली आहे. काट्यांचा भार पडला तर विषाणूचं पीक कमी येतं. दोन-तीन दिवसांत पेशी विषाणूंनी भरतात. मग डिटर्जंटनं त्या फोडायच्या. फुटलेल्या पेशींचा डीएनए चिकट असतो, तो तुकडे करणारं एन्झाइम घालून बारीक करायचा. मग गाळणी, त्यानंतर विद्युतभारावर कण धरून ठेवणारा स्तंभ. त्यातून विषाणू वेगळा निघतो आणि पेशींचा कचरा मागे राहतो. शेवटी 0.2 मायक्रॉनची निर्जंतुक गाळणी.

बिघडतं कुठे? एकाच छताखाली दोन लशी बनत असतील, तर एकीचा विषाणू दुसरीच्या बॅचमध्ये शिरू शकतो. 2021 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका कारखान्यात हे घडलं आणि सुमारे दीड कोटी डोसांचा माल फेकावा लागला. दुसरा धोका खुद्द पेशींतल्या ई-1 चा. विषाणूनं तो उचलला, तर वाढू शकणारा कण तयार होईल. चिंपांझीचा वाहक आणि पेशीतला मानवी ई-1 यांच्या डीएनएत साम्य कमी असल्यानं ही शक्यता कमी राहते. तरीही त्याची तपासणी करावीच लागते.

(दृश्य: प्रयोगशाळेतलं मोजणी यंत्र)

आणि तिसरा धोका मोजणीचा. ब्रिटनमधल्या चाचणीत काही स्वयंसेवकांना पहिला डोस निम्माच गेला. कण मोजायला अतिनील प्रकाशाची पद्धत वापरली होती आणि लशीतल्या पॉलिसॉर्बेट 80 या घटकामुळे आकडा फुगून आला. कण जास्त आहेत असं समजून द्रव कमी दिला गेला. लस बनवणाऱ्यांच्या दृष्टीनं हा धडा फार मोठा आहे.

(दृश्य: भरण यंत्र, कुप्यांची रांग, ॲल्युमिनियमची टोपणं)

भरताना द्रवात असतं हिस्टिडीन आम्लता स्थिर ठेवायला, साखर कणांना सांभाळायला, मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड, पॉलिसॉर्बेट, इडीटीए, किंचित इथेनॉल आणि पाणी. ॲल्युमिनियम नाही, पारा नाही.

(दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्र, सकाळ. आयएलआर उघडणारी आरोग्यसेविका)

या लशीचं सगळ्यात मोठं बळ या खोलीत दिसतं. 2 ते 8 अंश सेल्सिअस. गोवर-धनुर्वाताच्या लशी ज्या आयएलआरमध्ये, म्हणजे बर्फाचं अस्तर असलेल्या फ्रीजमध्ये राहतात, त्यातच हीही राहायची. उणे सत्तरचा फ्रीझर लागत नाही. कुप्या टोपलीत ठेवायच्या, तळाशी नाही, कारण तळ सगळ्यात गार असतो आणि ही लस गोठून चालत नाही. तापमान दिवसातून दोनदा वहीत.

ताईंच्या हाताकडे बघा. डीप फ्रीझरमधले आईसपॅक थेट कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात, जात नाहीत. आधी ते टेबलावर. अंगावर घाम सुटला, कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळलं, की मगच चार बाजूंना चार. घाईत कडक आईसपॅक भरला, तर त्याला टेकलेली कुपी गोठते. आणि गोठलेली कुपी बाहेरून बघून ओळखू येईलच असं नाही.

(दृश्य: कुपीवर पेनानं वेळ लिहिताना)

कुपी उघडल्याची वेळ लिहिली. इथून चार तास. उरलेली लस मग टाकायचीच, कितीही जीव तुटला तरी.

(दृश्य: दंड, सुई, कापूस)

दंडाच्या स्नायूत, सुई काटकोनात. सिरिंज एकदाच चालणारी, दट्ट्या खाली गेला की आपोआप अडकतो. लगेच हब कटरमध्ये सुई कापली जाते. दंड दुखतो, ताप, अंगदुखी, थकवा येतो. पॅरासिटामॉल पुरतं.

दुसरा डोस आधी 4 ते 6 आठवड्यांनी होता. मार्च 2021 मध्ये 6 ते 8, आणि मे महिन्यात 12 ते 16 आठवडे. टंचाईमुळे अंतर वाढवलं, असं तेव्हा अनेकांना वाटलं. चाचण्यांतले आकडे मात्र असे होते: सहा आठवड्यांच्या आत दोन्ही डोस घेणाऱ्यांत लक्षणं दिसणाऱ्या कोविडपासून संरक्षण 55 टक्के, 12 आठवडे किंवा जास्त अंतर ठेवणाऱ्यांत 81 टक्के.

(दृश्य: प्रतीक्षा खोली, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ)

या खुर्च्यांवर अर्धा तास बसवलं जायचं ते तीव्र ॲलर्जीसाठी. ती आली तर बहुधा मिनिटांत येते. ॲड्रेनॅलिनचं किट म्हणूनच बाजूच्या टेबलावर.

या लशीचा सगळ्यात गंभीर दुष्परिणाम मात्र या खोलीत दिसत नाही. तो घरी गेल्यावर, साधारण चौथ्या दिवसापासून पुढच्या काही आठवड्यांत येतो. रक्तात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होतात. मार्च 2021 मध्ये युरोपातल्या डॉक्टरांच्या हे लक्षात आलं. प्लेटलेटमधून बाहेर पडणाऱ्या पीएफ-4 या प्रथिनाविरुद्ध शरीर प्रतिपिंडं बनवतं आणि ती प्लेटलेटना चेतवतात. पीएफ-4 वर धन भार, ॲडेनोव्हायरसच्या कवचावर ऋण भार. दोन्ही एकमेकांना चिकटतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या आतल्यांत पहिल्या डोसनंतर साधारण 50,000 जणांमागे एकाला हा त्रास झाला, पन्नाशीच्या पुढे लाखामागे एकाला. तिथे चाळिशीच्या आतल्यांना दुसरी लस देऊ केली गेली. भारतात मे 2021 च्या सरकारी पाहणीत हे प्रमाण दहा लाख डोसांमागे 0.61 आढळलं. काही माणसं यात दगावली.

याची लक्षणं अशी: न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, धाप, पोटात तीव्र कळ, एका पायाला सूज, सुईच्या जागेपासून दूर त्वचेवर लाल ठिपके. ती दिसली तर रक्तातले प्लेटलेट आणि गुठळीची खूण देणारा डी-डायमर तपासायचे, आणि हिपॅरिन टाळायचं. गुठळीवर सवयीनं दिलं जाणारं हे औषध इथे घातक ठरू शकतं. उपचार इम्युनोग्लोब्युलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या इतर औषधांनी. डोस देतानाच ही यादी प्रत्येकाच्या हातात पडायला हवी होती.

सीरमनं डिसेंबर 2021 मध्ये उत्पादन थांबवलं. ऑक्सफर्डबरोबर ही लस आणणाऱ्या ॲस्ट्राझेनेका कंपनीनं मे 2024 मध्ये युरोपातला परवाना मागे घेतला.

(दृश्य: संध्याकाळ, नोंदवही, रिकामा कॅरियर)

वहीत नावापुढे बॅच नंबर. त्रास झालाच, तर कुठल्या दिवशी भरलेल्या कुपीतला डोस होता ते यावरून काढता येतं. विपरीत घटनेच्या फॉर्ममध्येही हा रकाना असतो. न उघडलेल्या कुप्या परत आयएलआरमध्ये, बाकीच्यांपासून वेगळ्या, म्हणजे उद्या आधी त्या वापरता येतील. ताई आईसपॅक पुसून डीप फ्रीझरला लावतात. कॅरियर फडक्यानं कोरडा करून झाकण उघडं ठेवतात.