स. न. वि. वि., दूरदर्शन

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर बसून टीव्हीबद्दल बोलायचं म्हणजे एकाच्या घरी जेवून दुसऱ्याच्या स्वयंपाकाचं कौतुक केल्यासारखं आहे. पण आकाशवाणी आणि दूरदर्शन यांचा संसार 1 एप्रिल 1976पर्यंत एकत्रच होता, चुली नंतर वेगळ्या झाल्या. तेव्हा हे भावकीतलंच बोलणं समजा.

आज बोलायचंय ते टीव्हीला पत्र लिहिणाऱ्या माणसांबद्दल. नटनट्यांचे फोटो मागवणारी पत्रं मी बाजूला ठेवतो. शेती, पाणी, बातम्या, विधिमंडळ, संसद, म्हणजे चार लोकांच्या कामाचं काही पडद्यावर दिसलं की जो माणूस उठतो आणि कोरं कार्ड शोधायला लागतो, तो माझा विषय. आमच्या घरात असा एक माणूस होता.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. सासवडच्या तहसील कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी, 1983 साली, आमच्याकडे टीव्ही आला. लाकडी पेटीचा, पुढे सरकतं शटर असलेला, काळापांढरा. मुंबईचं केंद्र 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालेलं, आणि आमच्या भागात त्याचं चित्र यायचं ते सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रावरून. त्यामुळे राहायला पुरंदर तालुक्यात आणि अँटेनाचं तोंड कायम सिंहगडाकडे. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग मी पत्र्यावर, आई दारात आणि दादा टीव्हीसमोर, अशी तिघांची साखळी लागायची. ‘आलं, आलं... गेलं!’ हे वाक्य ज्या घरात कधी ओरडलं गेलं नाही, ते घर त्या काळातलं नव्हेच.

दादांचं टीव्ही पाहणं म्हणजे कचेरीत बसल्यासारखं. शेजारच्या स्टुलावर वही, पेन आणि घड्याळ. कार्यक्रम सुरू झाला की वेळ लिहायची. संपला की वेळ लिहायची. ‘व्यत्यय’ अशी पाटी आली तर ती किती मिनिटं होती तेही लिहायचं. आई म्हणायची, ‘अहो, निवृत्त झालात ना? आता कुणाचं मस्टर भरताय?’

या वहीतून मग कार्डं निघायची. पोस्टकार्ड तेव्हा 15 पैशांना. पण दादांच्या मते पत्राचा खर्च त्यांनी आधीच भरलेला होता. त्या काळी रेडिओला वर्षाला 15 आणि टीव्हीला 50 रुपये परवाना होता, तोही पोस्टातच जाऊन भरायचा. लोक त्याला लायसन म्हणायचे. 1980च्या दशकाच्या मध्यावर ते बंद झालं, तेव्हा सगळी आळी खूश झाली. दादा मात्र जरा खट्टू झाले. पैसे भरणाऱ्याला विचारायचा हक्क असतो, फुकट पाहणाऱ्याला काय असतो, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं.

त्यातलं एक कार्ड मला जवळजवळ तोंडपाठ आहे, कारण त्याची स्वच्छ प्रत माझ्याकडून करून घेतली होती. आमच्याकडे संध्याकाळी ‘आमची माती, आमची माणसं’ लागायचं, आणि ते फक्त शेतकरीच पाहायचे असं नाही. शिंपी, मास्तर, कंपाउंडर, सगळेच पाहायचे, कारण दुसरं काही लागायचंच नाही. त्यात एकदा कांद्याच्या खताबद्दल माहिती आली. दादांनी लिहिलं:

‘स. न. वि. वि. आजच्या कार्यक्रमात कांद्यास नत्राची मात्रा हेक्टरी 100 किलो सांगण्यात आली. आमचे भागात जमीन एकर व गुंठ्यांत मोजतात. हेक्टर फक्त सातबाऱ्यावर असतो. हेक्टरी 100 म्हणजे एकरी 40, हा हिशेब शेतकरी कार्यक्रम चालू असता करू शकत नाही. सबब मात्रा एकरी सांगावी, ही विनंती. कळावे, लोभ असावा. ता. क. नत्र म्हणजे युरिया किती पोती, हेही सांगितल्यास बरे.’

ता. क. कार्डाच्या कडेनं उभा लिहावा लागला, कारण जागा संपली होती. आणि खरा मुद्दा त्या ता. क.मध्येच होता. युरियात नत्र असतं 46 टक्के. म्हणजे एकरी 40 किलो नत्राला जवळजवळ 87 किलो युरिया, तेव्हाच्या 50 किलोच्या पोत्यानं पावणेदोन पोती. शिफारस करणारा शास्त्रज्ञ बरोबर होता, कार्यक्रम करणारे बरोबर होते. पण ऐकणारा दुकानात उभा राहून पोतीच मागणार. स्टुडिओत बसलेल्या माणसाला हे सुचलं नाही तर त्यात त्याचा दोष नाही. हे फक्त सासवडच्या बाजारात उभं राहिलं तरच दिसतं.

मला वाटतं, प्रेक्षकाच्या पत्राचं खरं काम हेच. पडद्याच्या या बाजूला काय पोचलं, हे त्या बाजूच्याला कळवायचं. तुमच्यापैकी कुणी परदेशी रेडिओ केंद्रं पकडायचा नाद केला असेल तर त्यांना हे लगेच पटेल. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक मीटरवर तुमचा आवाज आला, मध्ये खरखर होती, असं केंद्राला लिहून पाठवायचं, आणि केंद्राकडून छापील कार्ड यायचं. क्यूएसएल कार्ड म्हणायचे त्याला. कौतुक नाही, तक्रार नाही, नुसती साक्ष.

दादांची ख्याती आळीत पसरली, आणि लोक आपली कामं घेऊन यायला लागले. पलीकडच्या एक आजी आल्या. संजय गांधी निराधार योजनेचे त्यांचे पैसे अडकले होते. म्हणाल्या, ‘टीव्हीवाल्यांना लिही बाबा. ते मंत्र्याच्या शेजारी बसतात, मी रोज बघते.’ दादा हसले नाहीत. त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं, फुलस्केप घेतला आणि तहसीलदारांच्या नावानं अर्ज लिहिला. पण आजींचं चुकलं होतं असंही म्हणता येत नाही. दूरदर्शन तेव्हा सरकारचंच होतं, प्रसार भारती प्रत्यक्षात आली ती 1997 साली. पडदा म्हणजे सरकारची खिडकी, आणि खिडकीत कुणी दिसलं की आपण कागद पुढे करणारच.

कधीकधी ती खिडकी खरंच उघडायची. 1985च्या सुमाराला ‘जनवाणी’ नावाचा कार्यक्रम आला होता, विनोद दुआ घ्यायचे. समोर मंत्री आणि प्रश्न विचारणारी साधी माणसं. दादा तो उभ्यानं पाहायचे! आमच्या मुंबई केंद्रावर निर्माते आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमामुळे तर गावोगावी ज्ञानदीप मंडळं निघाली, म्हणजे पाहणारे नुसते पाहत बसले नाहीत, कामाला लागले.

आणि मग आली ‘सुरभि’, भारतीय संस्कृतीची ओळख करून देणारी. सादर करायचे सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे. कार्यक्रम गोडच होता, वाद नाही. त्यांच्या प्रश्नमंजूषेला एका आठवड्यात 14 लाखांवर पत्रं आली आणि लिम्का बुकात नोंद झाली. 15 पैशांच्या कार्डांचा तो डोंगर वाहून पोस्टखातं इतकं टेकीला आलं की स्पर्धांसाठी वेगळं, 2 रुपयांचं कार्ड काढावं लागलं. सगळे हे अभिमानानं सांगतात. माझं मत जरा वाकडं आहे. त्या 14 लाख कार्डांवर एकच उत्तर लिहिलेलं होतं. ती पत्रं नव्हती, ती सोडतीची तिकिटं होती. पुढे एसएमएस आले, मतदान आलं, आणि प्रेक्षक म्हणजे आकडा, हे पक्कं झालं. दादांच्या त्या एका ता. क.चं वजन कुठल्या काट्यावर करायचं?

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेत सी-स्पॅन नावाची वाहिनी आहे. 19 मार्च 1979ला तिथल्या प्रतिनिधिगृहाचं कामकाज दाखवत ती सुरू झाली. ब्रायन लॅम्ब नावाच्या गृहस्थांची ही कल्पना, आणि पैसा केबल कंपन्यांचा, सरकारचा नाही. 7 ऑक्टोबर 1980ला त्यांनी प्रेक्षकांचे फोन थेट घ्यायला सुरुवात केली. पहिला फोन आला साउथ डकोटातल्या यँक्टन या छोट्या गावातून. मला हे फार आवडतं. राजधानीतल्या मोठ्या सभागृहाबद्दल पहिलं कोण बोललं, तर तिकडचं एखादं सासवड.

तिथे पक्षागणिक फोनचे नंबर वेगळे असतात. या पक्षाचे इकडे, त्या पक्षाचे तिकडे, कुठलेच नाहीत त्यांचे तिसरीकडे. एकदा फोन केला की 30 दिवस पुन्हा करायचा नाही. आमच्या दादांना हा नियम जड गेला असता. निवेदकानं स्वतःचं मत सांगायचं नाही, ऐकून घ्यायचं, पुढचा फोन घ्यायचा. 2014च्या डिसेंबरात तिथे दोन सख्खे भाऊ आमनेसामने बसले होते, पक्षानं एकमेकांचे विरोधक. वादाला रंग चढलेला, आणि फोनवर एक बाई बोलायला लागल्या. एका भावानं कपाळाला हात लावला. आईचा फोन होता! नाताळला घरी याल तेव्हा हे राजकारण बाहेर ठेवून या, असं तिनं साऱ्या देशासमोर सांगितलं.

आपल्याकडे संसद पडद्यावर आली ती हळूहळू. 20 डिसेंबर 1989ला राष्ट्रपतींचं अभिभाषण पहिल्यांदा थेट दिसलं, मग प्रश्नोत्तराचा तास आला. सोमनाथ चटर्जी अध्यक्ष असताना, जुलै 2006मध्ये, लोकसभेची स्वतःची वाहिनी चोवीस तास सुरू झाली. 2021मध्ये राज्यसभेची आणि लोकसभेची वाहिनी मिळून संसद टीव्ही झाला.

मधल्या काळात खासगी बातमीवाहिन्यांचा पूर आला आणि आपण पत्रं लिहायचं सोडलं. आता रागावलो तर मोबाइलवर दोन ओळी खरडतो, चार शिव्या घालतो आणि झोपतो. गंमत अशी की पत्राला कधी नव्हे एवढी किंमत नेमकी आता आली आहे. जून 2021मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्कच्या नियमांत दुरुस्ती झाली. तुम्ही वाहिनीकडे रीतसर तक्रार केलीत तर 24 तासांत पोच द्यायची, 15 दिवसांत निर्णय कळवायचा. पटला नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे 15 दिवसांत अपील, त्यांनी ते 60 दिवसांत निकाली काढायचं. त्याच्याही वर केंद्र सरकारची देखरेख. शिवाय दाखवलेलं सगळं 90 दिवस जपून ठेवायचं बंधन वाहिन्यांवर आहे. दादांना हे कळलं असतं तर त्यांनी बोळातून मिरवणूक काढली असती.

मी हे अनुभवानं शिकलो, आणि अनुभव माझ्या फजितीचा आहे. कऱ्हेला पाणी आलं होतं. एका बातमीवाहिनीवर, नाव घेत नाही, आमच्या पुराची बातमी लागली. खाली सासवडचं नाव, आणि चित्रात जो पूल होता तो आमच्या नदीवर कुठेच नाही. मी पेटलो. दीड पानी मेल लिहिला. लोकशाहीचा चौथा स्तंभ, सामाजिक बांधिलकी, पत्रकारितेची परंपरा, काही म्हणून सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी पोच आली. आणि पाठोपाठ विनम्र विचारणा: हे दृश्य कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या वार्तापत्रात पाहिलंत?

दीड पानात मी लिहिलं होतं, ‘परवा रात्री’.

रात्र म्हणजे आठ की अकरा? मी जेवत होतो. घड्याळाकडे कोण बघतो! मुलगा म्हणाला, ‘बाबा, आजोबांची वही असती ना...’

वही होती. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत, लायसनच्या जुन्या पुस्तकाबरोबर. दादा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. मी फक्त ते कसं लिहायचे एवढं पाहायला पानं उलटत होतो. शाई फिकी झाली आहे, पण रकाने सरळ आहेत. तारीख, सुरुवात, अखेर, शेरा. कांद्याच्या कार्डाची नोंद सापडली, ‘पत्र पाठविले’ एवढीच. त्या कार्डाचं पुढे काय झालं, ते मी कधी विचारलं नव्हतं. पत्रांच्या कार्यक्रमात ते वाचलं गेल्याचं आठवत नाही, आणि दादाही त्याबद्दल पुन्हा बोलले नव्हते.

नोंदीपासून सातआठ पानं पुढे गेलो. एक संध्याकाळ, हवामान साधारण, चित्र स्वच्छ, व्यत्यय नाही. विषय, उन्हाळी भुईमूग. आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं:

‘7.12. एकरी म्हणाले. पोती नाही.’