ठिपके जोडायचे की ठिपक्यांना वळसा घालायचा

नमस्कार मंडळी. चहा झाला असेल तर जरा आवाज वाढवा, नसेल झाला तर गॅस बारीक करा, कारण आज मी पाल्हाळ लावणार आहे. विषय तसा मोठा दिलाय मला, वस्तीतली कला आणि आपलेपणा वगैरे, पण मी आपली सुरुवात आमच्या दारातून करते.

मी वाढले माटुंगा लेबर कॅम्पात, धारावीला अगदी चिकटून. आमच्या समोरच्या खोलीत एक अक्का राहायच्या, तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीकडच्या. मधला बोळ इतका अरुंद की दोन्ही दारं एकदम उघडली तर एकमेकांवर आपटायची, आणि त्या बोळात सकाळी आई रांगोळी काढायची नि अक्का कोलम, म्हणजे तमिळ लोकांची रांगोळी. आईची ठिपक्यांची, खाकी कागदाला उदबत्तीने भोकं पाडलेली, वरून रांगोळी फिरवली की ठिपके तयार, मग ते जोडत जायचे. अक्का चिमटीत तांदळाचं पीठ घेऊन हातानेच ठिपके टाकायच्या, आणि गंमत म्हणजे ते जोडायच्याच नाहीत, त्यांची रेघ ठिपक्याला हात न लावता वळसा घालत जायची आणि फिरून जिथून निघाली तिथेच येऊन मिळायची. मला लहानपणी वाटायचं यांना जमत नाहीये म्हणून चुकवतायत.

आता तुम्ही म्हणाल किती छान, दोन संस्कृतींचा संगम. कसला संगम, भांडणं व्हायची! तांदळाच्या पिठाला मुंग्या यायच्या आणि त्या सरळ आमच्या साखरेच्या डब्यात. आई म्हणायची, अहो अक्का, आमच्यासारखी दगडाची पूड घ्या की, आणि अक्का म्हणायच्या मुंगीलाच तर घालायचं असतं ते, तिनेही खायला पाहिजे ना. शेवटी बोळात खडूने रेघ मारली, अलीकडे आमचं, पलीकडे त्यांचं. दिवाळीला मात्र रेघ दिसायची नाही, कारण दोघींनाही मोठी काढायची असायची आणि मधे कुठेतरी आईचे जोडलेले ठिपके अक्कांच्या वळशांत जाऊन अडकायचे. त्या गुंत्यावरून कोणी पाय टाकला की दोघी मिळून ओरडायच्या. हे मिळून ओरडणं मला फार महत्त्वाचं वाटतं, का ते सांगते.

धारावीत कोण नाही सांगा. मूळचे कोळी, मग सौराष्ट्रातून आलेले कुंभार, ज्यांच्या भट्ट्या आजही कापसाच्या चिंध्या जाळून पेटतात आणि धूर सगळ्या कुंभारवाड्यावर पसरतो, तमिळ लोक, उत्तर प्रदेशातले जरीवाले आणि शिलाईवाले, आणि आमच्यासारखे गावाकडचे मराठी. असल्या वस्तीत बाहेरून कोणीतरी येतं आणि म्हणतं आपण भिंत रंगवू या. आमच्याही गल्लीत आले होते, नाव नाही घेत, पोरं चांगली होती, एका रविवारी आली, सार्वजनिक नळाशेजारच्या भिंतीवर हे भले मोठे फुलपाखराचे पंख काढले, मधे उभं राहून सेल्फी घ्यायचा. संध्याकाळी गेली. महिनाभरात उजव्या पंखापुढे पाण्याचे निळे ड्रम आले, डाव्या पंखात खिळा ठोकून कोणीतरी कपड्यांची दोरी बांधली, आणि कोणालाही, अगदी कोणालाही, वाईट वाटलं नाही. चित्र वाईट नव्हतं हो. फक्त ते काढताना आमच्यातल्या कोणाचंच कोणाशी भांडण झालं नव्हतं.

याच्या उलट 2015 ची गोष्ट. स्नेहा नावाची संस्था आहे, 1999 मध्ये सायन हॉस्पिटलातल्या नवजात बाळांच्या डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, तिने धारावीत फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन आठवडे कलेचं प्रदर्शन भरवलं, धारावी बिएनाले. विषय काय तर आरोग्य, आणि कलाकार कोण तर वस्तीतलेच लोक, सोबत बाहेरचे काही आर्टिस्ट. प्रदर्शन तीन आठवड्यांचं पण आधी किती तरी महिने वर्कशॉप चाललेले, आणि त्याच्याही आधी 2012 मध्ये एक छोटं प्रदर्शन झालेलं. त्यात बायकांनी शिवलेली एक गोधडी होती, म्हणजे लांबून गोधडीच, जवळ गेलं की कळतं हा धारावीचा नकाशा आहे आणि बाईवर कुठे कुठे अत्याचार होतो ते त्यावर टाक्यांनी दाखवलंय.

जरा विचार करा, नकाशा शिवायचा म्हणजे आधी ठरवावं लागतं काय कुठे दाखवायचं. कोणाच्या घराजवळ कोणती खूण टाकायची. एक म्हणणार आमच्या गल्लीत असलं काही होत नाही, आणि शेजारची नुसती तिच्याकडे बघणार. हातात सुई असली की माणूस खाली बघून बोलतो, समोरासमोर जे तोंडातून निघत नाही ते टाका घालता घालता निघतं, हे गोधडी शिवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. गुजराती, तमिळ, हिंदी, मराठी, भाषा कोणतीही असो, मार खाल्लेल्या बाईला दुसरीची खूण कळायला दुभाषा लागत नाही. माझ्या मते आपलेपणा असा तयार होतो. सगळे एकत्र हसले म्हणून नाही, तर आपल्याच वस्तीबद्दल वाईट बोलायची मुभा मिळाली म्हणून.

आणि हे आमच्याकडे नवीन नाही बरं का. वाटेगावहून आलेले अण्णाभाऊ साठे आमच्याच लेबर कॅम्पात राहिले, आणि त्यांनी इथल्या मच्छरांवर गाणं रचलं. इथे मच्छर आहेत, चावतात, आणि आम्ही इथेच राहतो. आरोग्याची बिएनाले पुढे कितीतरी वर्षांनी आली, पण विषयाला हात अण्णाभाऊंनी आधीच घातला होता. आजची धारावीतली पोरं रॅप करतात, एका गाण्यात हिंदी, मराठी आणि तमिळ, तेही मला अण्णाभाऊंच्याच घरातलं वाटतं, माझा मुलगा म्हणतो आई तू काहीही जोडतेस. असेल बाबा, मी ठिपके जोडणाऱ्यांतली.

एक चित्र मात्र आहे ज्याने मला खोटं पाडलं. 92-93 च्या दंगलीत धारावी होरपळली, त्यानंतर वकार खान आणि भाऊ कोरडे या दोघांनी मोहल्ला कमिटीचं, म्हणजे वस्तीत सलोखा राखायचं काम धरलं. वकारभाई रेडिमेड कपड्यांच्या धंद्यातले. त्यांनी काय केलं, चार लहान मुलांना चार धर्मांचे पोशाख घातले, फोटो काढला आणि पोस्टर केलं, हम सब एक हैं. खरं सांगू का, चित्र म्हणून मला ते शाळेतल्या फॅन्सी ड्रेससारखंच वाटतं, भांडण नाही, खूण नाही, सगळे गोड. पण ते लावत कोण फिरलं? एक मुसलमान आणि एक हिंदू, दोघंही तिथलेच, ज्या गल्ल्यांत दंगलीच्या दिवसांत माणसं एकमेकांना बघून दारं लावून घेत होती. भांडण चित्रात नव्हतं, चित्राच्या आधीच होऊन गेलं होतं, तेही भयंकर. तेव्हा माझा पंखांवरचा राग थोडा कमी करते, गोड चित्रही चालतं, फक्त ते लावणाऱ्याला त्या गल्लीत उद्याही राहायचं असलं पाहिजे.

आणि उद्या राहायचं की नाही, हाच तर आता प्रश्न आहे. मार्च 2024 पासून धारावीत पुनर्विकासाचा सर्वे सुरू झाला, घराघराला नंबर पडले. नियम असा की 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून तळमजल्यावर राहणाऱ्यांना घर धारावीतच, साडेतीनशे चौरस फुटांचं, आणि वरच्या माळ्यावरच्यांना धारावीबाहेर. म्हणजे एकाच लोखंडी शिडीच्या खालचे आणि वरचे वेगळे. मी कोणाची बाजू घेत नाहीये, पक्का संडास आणि घरात नळ कोणाला नकोय, मला विचाराल तर कालच हवा होता. पण नवीन बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये टाइल्स असणार, सोसायटीचे नियम असणार, दारात पीठ सांडू नका, मुंग्या होतात. मग भांडायचं कोणाशी, सेक्रेटरीशी?

काचेपलीकडून मला खूण होतेय, वेळ संपली. एक सांगते आणि थांबते. जानेवारीत संक्रांतीलाच तमिळ लोकांचा पोंगल असतो, धारावीच्या नव्वद फूट रस्त्यावर बायका ओळीने चुली मांडून भात उकळवतात, तो उतू गेला की सगळ्या एकदम ओरडतात. सकाळी लवकर जा, चप्पल जुनी घाला, जमिनीवर कोलम असतात तेव्हा खाली बघून चाला. आणि कोणी अक्का ओरडल्याच तर तिळगूळ पुढे करा, मी दरवर्षी तेच करते.