ऑफिसातले साहेब आणि घरातले बाबा

नमस्कार मंडळी. विषय छापलाय ‘निवृत्त माणसाचं आयुष्य कसं आठवावं’, त्याकडे येतोच, पण आधी मनात साचलेलं बोलून टाकतो. आमचे विमा ऑफिसातले साहेब वारल्यावर त्यांच्याबद्दल जे जे लिहून आलं ते मी वाचलं. आधी पदं, मग बढत्या, मग कुठल्या कुठल्या खात्याचे प्रमुख होते, आणि अगदी शेवटी एक ओळ, ‘ते कुटुंबवत्सल होते’. म्हणजे ऑफिसातला माणूस वेगळा आणि घरातला वेगळा! मला हे अजिबात पटत नाही, आणि सगळी हयात आयुर्विम्यात काढलेल्या माणसाबद्दल तर नाहीच नाही.

साहेब नव्या बॅचला पहिल्या दिवशी फॉर्म, नियम काहीच शिकवायचे नाहीत, जेम्स डॉडसनची गोष्ट सांगायचे. इथल्या निम्म्या लोकांना ती पाठ असेल, तरी परत ऐका. अठराव्या शतकातलं लंडन, डॉडसन गणिताचा मास्तर. विमा काढायला तो अ‍ॅमिकेबल सोसायटीकडे गेला, 1706 सालची संस्था, पण पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला तिथे घ्यायचेच नाहीत. आणि पद्धत काय, तर पंचविशीतला असो की चाळिशीतला, वर्गणी सगळ्यांना सारखी, आणि वर्षभरात जे सभासद गेले त्यांच्या घरच्यांत जमलेली रक्कम वाटून टाकायची. म्हणजे जास्त लोक गेले त्या वर्षी तुम्ही गेलात तर घरच्यांच्या हातात कमी! साहेब इथे हटकून विचारायचे, ‘मग कुठल्या वर्षी मरायचं ते सांगा बरं’, आणि अख्खा वर्ग हसायचा.

डॉडसन नकार घेऊन गप्प बसला नाही, लंडनच्या मृत्यूच्या नोंदी घेऊन त्याने गणित मांडलं. ज्या वयात माणूस येईल त्या वयावर हप्ता ठरवायचा आणि पुढे तो तेवढाच ठेवायचा, तरुणपणी गरजेपेक्षा जास्त घेतलेला पैसा साठत जातो आणि म्हातारपणी जोखीम वाढते तेव्हा उपयोगी पडतो. आज आपण वर्षानुवर्षं सारखा हप्ता भरतो ना, त्याचं मूळ हे. पण त्यावर उभी राहिलेली इक्विटेबल सोसायटी 1762 साली सुरू झाली आणि डॉडसन 1757 लाच गेला. मागे तीन मुलं, आई नसलेली, आणि त्यांच्यासाठी काहीच तरतूद नाही. पुढे सोसायटीने बापाच्या कोष्टकांबद्दल मुलांना 300 पाउंड दिले.

आता बघा, साहेब ही गोष्ट गणितासाठी सांगत नव्हते, त्या तीन मुलांसाठी सांगायचे. मृत्यूचा क्लेम टेबलावर आला की आधी बघायचे मागे कोण राहिलंय, आणि नॉमिनी, म्हणजे विम्याचे पैसे ज्याच्या हाती द्यायचे तो माणूस, म्हणून लग्नाआधी लिहिलेलं आईचं नाव तसंच, आई कधीच गेलेली, अशी फाइल असली की तिच्या मागे लागून स्वतः उशिरापर्यंत थांबायचे, कारण कागदांसाठी हेलपाटे मागे राहिलेल्या बायकोला पडणार होते. कुणाच्याही लग्नात भेटले तरी नवऱ्या मुलाच्या कानात एकच, ‘नॉमिनेशन बदललंस का रे?’ घरीही तेच, निवृत्तीनंतर सगळ्या कागदांची एक फाइल केली आणि ती कुठे आहे हे बायकोला, मुलांना, सुनेला दाखवून ठेवलं. नातवंडांचे अभ्यास घेणारे आजोबा आणि क्लेम लवकर निघावा म्हणून भांडणारे अधिकारी, यात मला तरी फरक दिसत नाही.

संयोजक घड्याळ दाखवतायत, म्हणून मूळ विषय भराभर सांगतो. असा माणूस आठवायचा तर पदांची यादी बाजूला ठेवा. ऑफिसच्या लोकांनी लिहावं की कुठल्या फाइलीवर ते अडून बसले, कुणाला स्वतः फोन केला. घरच्यांनी लिहावं की रात्री जेवताना कामाबद्दल काय बोलायचे, कशाने अस्वस्थ व्हायचे. दोन्ही एकाच वहीत लिहा, वेगवेगळी प्रकरणं पाडू नका. आणि हे माणूस असतानाच विचारून घेता आलं तर फारच चांगलं, निवृत्त माणसाकडे वेळ असतो आणि त्याला कोणी विचारत नाही.

साहेबांच्या मुलीने अशी वही सुरू केलीय, ती पुढच्या रांगेत बसलीय. ज्यांच्याकडे त्यांची पत्रं, ट्रेनिंगच्या नोट्स असतील त्यांनी जाण्याआधी तिला भेटा.