देवघेवीच्या खिडकीवर आता नवा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूर जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत जी सार्वजनिक वाचनालयं आहेत, त्यांतल्या शहरातल्या एका वाचनालयाचा मी ग्रंथपाल. आज एक बातमी सांगायची आहे, आणि तिच्यामुळे बदलणाऱ्या काही गोष्टी.

आमच्या देवघेवीच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसलेल्या निर्गम सहायक येत्या 31 मार्चला निवृत्त होत आहेत. निर्गम सहायक हा कागदावरचा शब्द. पुस्तक देणारी, परत घेणारी, तारखेचा शिक्का मारणारी ती व्यक्ती. पूर्व भागातल्या बायकांनी त्यांना ‘अक्का’ म्हणायला सुरुवात केली, मग सगळेच म्हणू लागले. मी त्यांचा वरिष्ठ, पण मीही अक्काच म्हणतो.

अक्कांचं काम मी जवळून पाहिलं आहे, म्हणून सांगतो. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, कुठल्या पेठेत कुठल्या दिवशी येणार हे ठरलेलं असतं. पाण्याच्या दिवशी घरातली बाई वाचनालयात येऊ शकत नाही. अक्कांना साखर पेठेचा दिवस माहीत, भवानी पेठेचा माहीत. पुस्तकाला एक-दोन दिवस उशीर झाला, तर त्या आधी विचारायच्या, ‘काल पाणी होतं ना तुमच्याकडं?’ आणि दंड लिहायच्या नाहीत. हा नियम आमच्या कुठल्याही पुस्तिकेत नव्हता. मागच्या महिन्यात कार्यकारी मंडळानं तो रीतसर मंजूर केला. आता पाण्याच्या दिवशी परतीची तारीख आली, तर पुढचे दोन दिवस दंड नाही. खिडकीवर कुणीही बसलेलं असो, हे तुम्ही हक्कानं सांगा.

अक्कांच्या जागी येणारा तरुण मोहोळ तालुक्यातला आहे. ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम त्यानं पूर्ण केला आहे, संगणक त्याला उत्तम येतो. पण पहिल्याच दिवशी एका आजींनी तेलुगू कादंबरी मागितली आणि तो कपाटासमोर उभा राहिला. आमच्याकडे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू पुस्तकं आहेत. तेलुगू पुस्तकं बरीचशी लग्नकार्याला हैदराबादला जाणाऱ्या वाचकांनी आणून दिलेली, कन्नड कलबुर्गी आणि विजयपूरकडून आलेली. अक्कांना या लिप्या वाचता येत नाहीत. त्यांना पुस्तकं ओळखता येतात ती मुखपृष्ठावरून, जाडीवरून, कुठल्या वाचकाच्या हातात पाहिलं होतं त्यावरून. ही ओळख नव्या माणसाला देणार कशी?

गेले दोन महिने आम्ही तेच करतो आहोत. अक्का कपाटासमोर बसून सांगतात, तो लिहून घेतो. जुने तेलुगू वाचक दुपारी येऊन एकेक नाव वाचून दाखवतात. विणकरी करून थकलेले एक मामा रोज येतात. त्यांच्या नातवंडांची शाळा मराठी माध्यमाची, घरात तेलुगू वाचणारे ते एकटेच उरलेत. मोठ्यानं नाव वाचताना त्यांचा आवाज बदलतो. त्यांच्यामुळे आता प्रत्येक तेलुगू पुस्तकाच्या पाठीवर नाव देवनागरीत लिहिलेली पट्टी लागली आहे. कन्नड पुस्तकांचं काम अर्धं झालंय. उर्दूसाठी माणूस हवा आहे. ज्यांना उर्दू वाचता येतं त्यांनी संध्याकाळी तासभर आलात, तर फार उपकार होतील.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्या कायद्यानुसार शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं. पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, दिवाबत्ती, सगळं त्यात आणि वर्गणीत भागवायचं असतं. ड वर्गाच्या खेड्यातल्या वाचनालयात तर एकच माणूस असतो. कुलूप उघडणारा, झाडणारा, पुस्तक देणारा आणि नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही लिहिणारा तोच. या कामाचा मोबदला फार तोकडा आहे. एकतीस वर्षं एवढ्या पैशांत कुणी एका खिडकीवर बसतं, याची नोंद व्हायला हवी, म्हणून हे मी मुद्दाम बोललो.

आता एक बदल कुंभारीकडच्या वाचकांसाठी. तिथल्या रे नगर या कामगार वसाहतीतल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये झालं, आणि आमचे बरेच विडी कामगार वाचक शहरातल्या भाड्याच्या खोल्यांतून तिकडे गेले. स्वतःचं घर झालं याचा आनंद आहे, पण एका पुस्तकासाठी तिथून शहरात येणं परवडत नाही. म्हणून एप्रिलपासून दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी ग्रंथपेटी तिकडे जाईल. एका पेटीत साठ पुस्तकं, त्यांत वीस तेलुगू. जुनं सभासदत्व चालेल, नवी अनामत भरायची गरज नाही. सगळ्या घरच्यांची कार्डं एकानं आणली तरी चालतील. पेटीबरोबर पहिले दोन महिने अक्का स्वतः जाणार आहेत. निवृत्तीनंतर. त्यांनीच तसं सांगितलं, आम्ही विचारलं नव्हतं.

दुसरं, तुमच्या कार्डांचं. आतापर्यंत वाचकांच्या नोंदी वहीत होत्या, त्या आता संगणकावर चढवतो आहोत. त्यासाठी जुनं कार्ड आणि पत्त्याचा एखादा पुरावा घेऊन एकदा या. कार्ड हरवलं असेल तरी या, अनामतीच्या पावतीवरून नाव शोधता येतं. पावतीही नसेल, तर अक्का असेपर्यंत या. त्या चेहऱ्यावरून ओळखतात आणि वहीचं पान काढून देतात.

1 ते 7 एप्रिल वार्षिक साठा पडताळणी आहे. त्या आठवड्यात देवघेव बंद राहील, वर्तमानपत्रांचं दालन आणि अभ्यासिका मात्र चालू राहतील. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी काळजी करू नये. 8 एप्रिलपासून उन्हाळी वेळ सुरू होईल: सकाळी साडेसात ते साडेअकरा, संध्याकाळी पाच ते आठ. आपल्याकडचा एप्रिल चाळीस अंशांच्या पुढे जातो, त्यात म्हाताऱ्या माणसांनी दुपारी पायपीट करू नये. शाळांना सुट्टी लागली की बाल विभागाचं सभासदत्व दोन महिन्यांसाठीही घेता येईल.

ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं आमची पुस्तकं राहून गेली आहेत, त्यांनी ती मार्चअखेर आणून द्यावीत. दंड घेणार नाही, कारण विचारणार नाही. पुस्तकाला कसर लागली असेल, पानं सुटली असतील, तरी आणा. बांधणी आम्ही करून घेऊ. एका गृहस्थांनी मागच्या आठवड्यात 1994 साली नेलेलं पुस्तक परत केलं, वर खाकी कव्हर घालून. अक्कांनी वही काढली, त्यांच्याच अक्षरातली जुनी नोंद सापडली, आणि तिच्यासमोर ‘जमा’ लिहून सही केली.

31 मार्चला अक्का सकाळपासून संध्याकाळी आठपर्यंत खिडकीवर असतील. हारतुरे नकोत असं त्यांचं सांगणं आहे. पुस्तक बदलायला या.